तेलवाहू जहाजांचे परिचालन व देखभाल : रिकाम्या टाकीच्या सुरक्षिततेचा प्रश्न

सारांश

खनिज तेलाची सागरी वाहतूक हा आधुनिक अर्थव्यवस्थेचा कणा आहे. या वाहतुकीसंबंधीची चर्चा बहुधा तेलगळतीभोवती फिरते. तथापि, तेलवाहू जहाजावरील अनेक जीवघेणे अपघात माल भरलेला असताना नव्हे, तर टाक्या रिकाम्या असताना, त्या धुतल्या जात असताना किंवा त्यांची दुरुस्ती चालू असताना घडलेले आहेत. प्रस्तुत लेखात माल भरणे, उतरविणे, टाकी धुणे, वायुमुक्त करणे आणि गंजापासून तिचे रक्षण करणे या प्रक्रियांमागील शास्त्रीय तत्त्वे व त्यांतून निर्माण झालेले आंतरराष्ट्रीय नियम यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : तेलवाहू जहाज, निष्क्रिय वायू, कच्च्या तेलाने धुलाई, दुहेरी कवच, क्षरण, बंदिस्त जागेतील प्रवेश.

१. प्रस्तावना

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो आणि हे तेल समुद्रमार्गे येते. मुंबई बंदरातील जवाहर द्वीप, म्हणजे जुने बुचर बेट, येथील धक्क्यांवर तेलवाहू जहाजे लागतात व तेथून समुद्राखालील नळांद्वारे तेल माहुल-तुर्भे परिसरातील शुद्धीकरण कारखान्यांत पोहोचते. मुंबईशी या व्यवसायाचे नाते केवळ बंदरापुरते मर्यादित नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या भारतीय नौवहन महामंडळाचे मुख्यालय, नौवहन महासंचालनालय आणि १९७५ साली स्थापन झालेली जहाजांचे वर्गीकरण करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था याच शहरात आहे. रत्नागिरी व लगतच्या किनारपट्टीतील अनेक कुटुंबांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर नोकरी करीत आले आहेत. त्यामुळे तेलवाहू जहाजाची टाकी सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नसून कोकणातील अनेक घरांचाही आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) तेलवाहू जहाजाची रचना व परिचालनाचे टप्पे समजून घेणे.
२) रिकाम्या टाकीतील स्फोटाची कारणमीमांसा करणे.
३) टाकीतील प्रवेश, क्षरण व तपासणी यांसंबंधीच्या देखभाल पद्धतींचा आढावा घेणे.
४) नियम व प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतराचा विचार करणे.

३. तेलवाहू जहाजाची रचना

तेलवाहू जहाज म्हणजे तरंगणारे एकच मोठे पिंप नव्हे. जहाजाचा मालवाहू भाग लांबीच्या व रुंदीच्या दिशेने उभ्या पोलादी भिंतींनी अनेक टाक्यांत विभागलेला असतो. असे विभाजन नसेल तर जहाज कलताच सारे तेल एका बाजूस धावेल व जहाजाचे संतुलन बिघडेल. एक टाकी फुटली तरी उर्वरित माल सुरक्षित राहावा, हाही या रचनेचा हेतू आहे. मागील बाजूस इंजिन कक्ष व निवासस्थाने असतात. मोठ्या कच्चे तेलवाहू जहाजांत इंजिन कक्ष व टाक्या यांच्यामध्ये पंप कक्ष असतो. शुद्ध केलेली उत्पादने वाहणाऱ्या अनेक जहाजांत मात्र प्रत्येक टाकीत स्वतंत्र बुडीत पंप बसविलेला असतो.

टाकी काठोकाठ भरली जात नाही. उष्णतेने तेल प्रसरण पावते, म्हणून साधारणतः ९८ टक्के ही भरण्याची कमाल मर्यादा मानली जाते. वरच्या मोकळ्या जागेतील वायूचा दाब तापमानानुसार कमी-अधिक होत असतो. दाब वाढला तर पत्रा फुगून फाटेल, घटला तर टाकी आत चेपली जाईल. हे टाळण्यासाठी दाब व निर्वात या दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या झडपा असतात. अशी झडप मिठाने वा गंजाने अडकली तरी आधुनिक जहाजाची टाकी क्षतिग्रस्त होऊ शकते. म्हणून तिची नियमित तपासणी हे लहान वाटणारे, परंतु अत्यावश्यक काम ठरते.

४. माल भरणे व उतरविणे

माल भरण्यापूर्वी जहाज व किनाऱ्यावरील केंद्र यांचे प्रतिनिधी एकत्रितपणे सुरक्षा तपासणी यादी पूर्ण करतात. तेलाचा वेग, झडपांचा क्रम, आणीबाणीत पंप थांबविण्याचा संकेत, संपर्काची भाषा इत्यादी बाबी येथेच निश्चित होतात. १९७८ साली प्रथम प्रसिद्ध झालेली व २०२० साली सहावी आवृत्ती निघालेली ‘इसगॉट’ ही मार्गदर्शिका या संदर्भात जगभर प्रमाण मानली जाते.

प्रारंभीचा वेग कमी ठेवण्यामागे शास्त्रीय कारण आहे. नळातून वाहताना तेलात स्थितिक विद्युतभार निर्माण होतो. शुद्ध केलेली काही उत्पादने विजेची मंदवाहक असल्याने हा भार त्यांच्यात साठून राहतो. तेलाबरोबर पाणी मिसळलेले असेल किंवा प्रवाह टाकीच्या तळावर आपटून उसळत असेल तर भारनिर्मिती वाढते. म्हणून टाकीतील नळाचे तोंड तेलाखाली बुडेपर्यंत प्रवाहाचा वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा अधिक ठेवला जात नाही.

माल उतरविताना जहाजाच्या सांगाड्यावरील ताणाचा विचार करावा लागतो. मधल्या टाक्या रिकाम्या व टोकाच्या भरलेल्या राहिल्या, तर जहाज मध्यभागी वर उचलले जाऊन वाकते. याउलट स्थितीत ते मध्यभागी खाली वाकते. म्हणून कोणती टाकी कधी व किती रिकामी करावयाची, याचे गणित मुख्य अधिकारी संगणकाच्या साहाय्याने आगाऊ मांडून ठेवतो.

५. रिकाम्या टाकीतील धोका

सर्वसामान्य समज असा की भरलेली टाकी धोकादायक व रिकामी टाकी निर्धोक. वस्तुस्थिती बहुतांशी याच्या उलट आहे. तेल द्रवरूपात पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी विशिष्ट प्रमाणात मिसळली असेल तरच. हायड्रोकार्बन वायूचे हवेतील प्रमाण आकारमानाने सुमारे १ टक्क्यापेक्षा कमी असेल तर मिश्रण अतिविरळ असते. ते सुमारे १० टक्क्यांपेक्षा अधिक असेल तर मिश्रण अतिसंपृक्त असते. या दोन्ही स्थितींत ज्वलन होत नाही. भरलेल्या टाकीत मोकळी जागा थोडी असते व ती बहुधा वाफेने संपृक्त असते. रिकाम्या टाकीच्या भिंतींना व तळाला चिकटलेल्या तेलातून मात्र वाफ निघत राहते आणि आत आलेल्या हवेत मिसळून हजारो घनमीटर जागेत स्फोटक मिश्रण तयार होऊ शकते.

याचा विदारक प्रत्यय १९६९ सालच्या डिसेंबर महिन्यात आला. ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ व ‘कोंग हाकोन सातवा’ या सुमारे दोन लाख टन क्षमतेच्या तीन महाकाय जहाजांवर तीन आठवड्यांच्या आत स्फोट झाले. त्यांपैकी ‘मार्पेसा’ हे नवे कोरे जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. तिन्ही जहाजे माल उतरवून परतत होती व तिन्हींवर टाक्या धुण्याचे काम चालू होते.

पुढील संशोधनातून लक्ष वेधले गेले ते धुण्याच्या पाण्याकडे. उच्च दाबाने पाणी फवारणारी यंत्रे टाकीत सूक्ष्म तुषारांचे धुके निर्माण करतात व हे धुके विद्युतभारित असते. लहान टाकीत हा भार फारसा वाढत नाही. विशाल टाकीत मात्र भारित धुक्यातून खाली पडणारा पाण्याचा लोट पोलादी भागाजवळ येताच ठिणगी पडणे शक्य होते. बाहेरची आग नाही, कोणाचा निष्काळजीपणा नाही, तरीही ठिणगी पडू शकते, हा या संशोधनाचा मथितार्थ होता. सर्व ठिणग्या टाळण्याची हमी देता येत नसेल तर ठिणगीला पेटविण्यासारखे काहीच उरू नये, अशी व्यवस्था करणे क्रमप्राप्त ठरले.

६. निष्क्रिय वायूची योजना

ज्वलनासाठी इंधन, उष्णता व प्राणवायू हे तीन घटक आवश्यक असतात. टाकीतून इंधनाची वाफ पूर्णतः काढता येत नाही, ठिणगीची शक्यता पूर्णतः टाळता येत नाही. प्राणवायू मात्र कमी करता येतो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. तो सुमारे ११ टक्क्यांखाली गेला की हायड्रोकार्बनचे कोणतेही मिश्रण पेटू शकत नाही. सुरक्षिततेसाठी नियमाने ही मर्यादा ८ टक्के ठरविली असून टाकीत सोडल्या जाणाऱ्या वायूतील प्राणवायू ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे बंधन आहे.

खलाशी ज्याला इनर्ट गॅस म्हणतात तो हा वायू बॉयलरच्या धुराड्यातून किंवा स्वतंत्र जनित्रातून मिळविला जातो. प्रथम समुद्राच्या पाण्याने धुऊन त्यातील काजळी व गंधकाची संयुगे काढली जातात, नंतर पंख्यांद्वारे तो टाक्यांत पाठविला जातो. वाटेत डेकवर पाण्याचे एक कुलूप असते. त्यामुळे टाकीतील ज्वलनशील वाफ उलट्या दिशेने बॉयलरकडे जाऊ शकत नाही. माल उतरविताना टाकीत जितकी जागा रिकामी होते तितकी हवेऐवजी या वायूने भरावी लागते. म्हणूनच यंत्रणेची क्षमता माल उतरविण्याच्या कमाल वेगाच्या १२५ टक्के असावी लागते. १९७८ च्या करारानंतर २०,००० टन व त्यापुढील क्षमतेच्या तेलवाहू जहाजांसाठी ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. २०१६ पासून बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी ही मर्यादा ८,००० टनांपर्यंत खाली आणण्यात आली.

७. टाकी धुण्याच्या पद्धती व सागरी प्रदूषण

पूर्वी टाक्या समुद्राच्या पाण्याने धुऊन ते तेलकट पाणी सर्रास समुद्रात सोडले जाई. त्यावर पहिला उपाय निघाला तो हे पाणी एका वेगळ्या टाकीत साठविण्याचा. काही काळ स्थिर ठेवल्यावर तेल वर तरंगते, खालचे पाणी सोडता येते व उरलेल्या तेलावरच पुढील माल भरला जातो.

दुसरा उपाय अधिक कल्पक होता. कच्च्या तेलातील मेणासारखा गाळ पाण्याने नीट निघत नाही, परंतु त्याच तेलाच्या जोरदार फवाऱ्याने तो विरघळून पंपाकडे वाहत जातो. माल उतरवीत असतानाच त्यातील काही भाग यंत्रांद्वारे टाकीच्या भिंतींवर मारणे म्हणजे कच्च्या तेलाने धुलाई. यामुळे पाणी कमी लागते, प्रदूषण घटते व मालही अधिक प्रमाणात मालकाच्या हाती पडतो. ही धुलाई टाकी निष्क्रिय वायूने भरलेली असतानाच करावयाची असते. तसेच, ज्या टाकीतून धुण्याचे तेल घ्यावयाचे तिच्या तळाचा किमान एक मीटर थर आधी काढून टाकला जातो. तळाशी साचलेले पाणी तेलात मिसळले तर तेच विद्युतभारित धुके पुन्हा निर्माण होते. १९६९ चा धडा येथे एका साध्या कार्यपद्धतीत उतरलेला दिसतो.

१९७३ चा सागरी प्रदूषण प्रतिबंधक करार, म्हणजे मार्पोल, १९७८ च्या सुधारणेसह २ ऑक्टोबर १९८३ रोजी अमलात आला. त्यानुसार मालाच्या भागातील तेलकट पाणी सोडण्यासाठी जहाज किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांपेक्षा दूर, विशेष संरक्षित क्षेत्राबाहेर व मार्गक्रमण करीत असले पाहिजे. दर सागरी मैलामागे तेलाचे प्रमाण ३० लिटरपेक्षा अधिक नसावे आणि नव्या जहाजांच्या बाबतीत एकूण सोडलेले तेल आधीच्या मालाच्या तीस हजाराव्या भागापेक्षा जास्त नसावे. या प्रमाणावर देखरेख करणारे यंत्र सतत नोंद ठेवते व तेल नोंदवहीत अधिकाऱ्यांना स्वाक्षरी करावी लागते.

८. टाकीतील मानवी प्रवेश

दुरुस्ती, गाळ उपसणे किंवा पत्र्याची तपासणी यांसाठी माणसाला टाकीत उतरावेच लागते. स्फोटापासून वाचविणारा निष्क्रिय वायू येथे मनुष्याचा शत्रू ठरतो, कारण ८ टक्के प्राणवायूच्या वातावरणात माणूस अल्पावधीत बेशुद्ध पडतो. शिवाय कच्च्या तेलातील हायड्रोजन सल्फाइड हा वायू अत्यंत विषारी असून अधिक प्रमाणात तो घ्राणेंद्रिय बधिर करतो. त्यामुळे वास येत नाही, म्हणजे वायू नाही, हा निष्कर्ष घातक ठरतो.

टाकी माणसाला जाण्यायोग्य करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. संपृक्त वाफेने भरलेल्या टाकीत थेट हवा सोडली तर मिश्रण विरळ होत जाताना ज्वलनशील टप्प्यातून जाते. म्हणून प्रथम निष्क्रिय वायू सोडून हायड्रोकार्बनचे प्रमाण २ टक्क्यांखाली आणावयाचे व त्यानंतरच पंख्यांनी स्वच्छ हवा भरावयाची. प्राणवायू २१ टक्के, ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या १ टक्क्याहून कमी व विषारी वायू अनुज्ञेय पातळीखाली असल्याची खात्री वेगवेगळ्या खोलींवर मोजमाप करून झाल्यावरच लेखी परवाना दिला जातो. दाराशी एक माणूस सतत उभा असतो. श्वसन उपकरणे व दोर तयार ठेवलेले असतात.

अशा दुर्घटनांत एक दुःखद साम्य वारंवार आढळते. पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचविण्यासाठी दुसरा उपकरणाविना धावतो आणि तोही परत येत नाही. सहकाऱ्याविषयीची माया येथे प्राणघातक ठरते. म्हणूनच दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे पहिले कर्तव्य आत उतरणे नसून इशारा देणे हे आहे. १ जानेवारी २०१५ पासून बंदिस्त जागेतील प्रवेश व सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी घेणे बंधनकारक करण्यात आले, तर १ जुलै २०१६ पासून वायुमापक उपकरण जहाजावर असणे सक्तीचे झाले.

९. दुहेरी कवच व क्षरणाची समस्या

२४ मार्च १९८९ रोजी अलास्कातील ब्लाय खडकावर आदळलेल्या ‘एक्झॉन व्हाल्डिझ’मधून सुमारे ३७,००० टन तेल समुद्रात गेले. त्या पार्श्वभूमीवर अमेरिकेने १९९० साली कायदा केला. त्यानंतर मार्पोलनेही ६ जुलै १९९३ नंतर मागणी नोंदविलेल्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच किंवा समकक्ष रचना आवश्यक ठरविली. मोठ्या जहाजांत दोन कवचांमधील अंतर सुमारे २ मीटर असते. माल नसताना स्थैर्यासाठी लागणारे बॅलास्टचे पाणी याच जागेत घेतले जाते.

दुहेरी कवच हे आघातापासून रक्षण करते, दुर्लक्षापासून नव्हे. १२ डिसेंबर १९९९ रोजी ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ ‘एरिका’ हे १९७५ साली बांधलेले एकेरी कवचाचे जहाज वादळात दुभंगले व सुमारे २०,००० टन जड तेल सांडले. जहाजाची प्रमाणपत्रे वैध होती. गंजाने क्षीण झालेली पोलादी रचना मात्र लाटांचा भार सोसू शकली नाही. २००२ सालच्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्याजवळ ‘प्रेस्टिज’ बुडाल्यानंतर एकेरी कवचाची जहाजे बाद करण्याचा कार्यक्रम अधिक जलद करण्यात आला.

दुहेरी कवचामुळे देखभालीचे काम वाढले. बॅलास्ट टाक्यांचे क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढले, जागा अरुंद झाल्या आणि खारे पाणी व दमट हवा यांचा आळीपाळीने स्पर्श होऊ लागला. उष्ण माल आतील कवचाआड थर्मासप्रमाणे अधिक काळ गरम राहतो व उष्णतेने क्षरण वेग घेते. म्हणून २००६ साली बॅलास्ट टाक्यांच्या रंगलेपासाठी १५ वर्षे टिकण्याचे उद्दिष्ट ठेवणारे मानक स्वीकारण्यात आले. मालाच्या टाक्यांच्या तळाशी आम्लयुक्त पाणी व जिवाणू यांमुळे खोल खड्डे पडतात. प्राणवायूविरहित टाकीत गंज व हायड्रोजन सल्फाइड यांच्या संयोगाने लोहाचे सल्फाइड तयार होते व हवा लागताच ते आपोआप तापते. वायुमुक्ती करताना हाही धोका ध्यानात ठेवावा लागतो. आतील कवचाला लहानशी चीर गेली तरी तेलाची वाफ बॅलास्टच्या जागेत शिरते, म्हणून तेथील वायूचेही नियमित मापन केले जाते.

जहाजाची वार्षिक, मध्यावधी व दर पाच वर्षांनी विशेष तपासणी होते. जुन्या तेलवाहू जहाजांच्या तपासण्या अधिक काटेकोर असतात. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजली जाते आणि मूळ जाडीत ठरावीक मर्यादेपलीकडे घट आढळल्यास तो भाग कापून नवा जोडावा लागतो.

१०. नियम आणि प्रत्यक्ष व्यवहार

या प्रयत्नांचे फलित नाकारता येत नाही. ७ टनांहून अधिक तेल सांडण्याच्या घटना १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी सुमारे ७९ होत्या, त्या २०१० च्या दशकात सुमारे ६ वर आल्या. तथापि, सर्व जहाजे एकाच दर्जाची नाहीत. ३१ जुलै २०११ रोजी मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर येऊन थडकलेले ‘पवित’ हे लहान तेलवाहू जहाज याची आठवण करून देते. ओमाननजीकच्या समुद्रात संकटात सापडल्यावर त्यावरील भारतीय खलाशांची सुटका करण्यात आली होती. निर्मनुष्य जहाज मात्र अरबी समुद्र ओलांडून थेट महानगराच्या दाराशी आले. १ मे २०२३ रोजी मलेशियाजवळ स्फोट झालेले ‘पाब्लो’ हे १९९७ साली बांधलेले जहाज रिकामे होते. त्यावरील २८ जणांपैकी तिघे बेपत्ता झाले. २०२२ नंतर निर्बंध चुकविण्यासाठी जुनी, अपुरा विमा असलेली व वारंवार ध्वज बदलणारी तेलवाहू जहाजे मोठ्या संख्येने वापरली जाऊ लागली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सभेने २०२३ सालच्या डिसेंबरमध्ये याविषयी ठराव केला. अशा जहाजांवर देखभाल ही सर्वांत आधी कपात होणारी बाब असते, आणि नोकरीच्या शोधात असलेला तरुण खलाशी बहुधा त्यांच्याच वाट्याला येतो.

११. निष्कर्ष

१) तेलवाहू जहाजाच्या सुरक्षिततेची खरी कसोटी भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीत लागते.
२) आजचे बहुतेक नियम एखाद्या दुर्घटनेच्या कारणमीमांसेतून जन्मलेले आहेत. त्यामागील कारण कर्मचाऱ्यास ठाऊक नसेल तर नियमाचे पालन केवळ कागदावर उरते.
३) दुहेरी कवच व निष्क्रिय वायू यांनी काही धोके कमी केले, त्याचबरोबर क्षरण व श्वासरोधाचे नवे धोकेही उभे केले. कोणताही तांत्रिक उपाय देखभालीला पर्याय ठरत नाही.
४) प्रमाणपत्र वैध असणे व जहाज सुदृढ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१२. शिफारशी

१) किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी नौवहन क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी बंदिस्त जागेतील प्रवेशासंबंधी प्राथमिक माहिती मराठीतून उपलब्ध करून द्यावी.
२) नोकरी स्वीकारण्यापूर्वी जहाजाचे वय, ध्वज, वर्गीकरण संस्था व विमा यांची चौकशी कशी करावी, याविषयी उमेदवार व त्यांचे कुटुंबीय यांचे प्रबोधन व्हावे.
३) परवान्याविना टाकीत उतरण्याचा आदेश नाकारणाऱ्या खलाशास संरक्षण मिळावे.

किनाऱ्यावरील माणसाला तेलवाहू जहाज दुरून संथ व निश्चल दिसते. त्या संथपणामागे वायुमापकाचा एक आकडा, एक झडप, पत्र्याची काही मिलिमीटर जाडी आणि दाराशी जागरूक उभा असलेला एक माणूस असतो. यांपैकी प्रत्येकाची काळजी नित्यनेमाने घेणे, हाच तेलवाहू जहाजाच्या देखभालीचा सारांश होय.